कंटेनर, फॉर्म १३ आणि डॉलरवालं नाव : पीएचपीतला ‘स्कोप’ समजून घेताना



बारावीला माहिती तंत्रज्ञान हा विषय घेतलेल्या मुलांना ‘सर्व्हर साइड स्क्रिप्टिंग’ नावाचं एक प्रकरण आहे. ते पीएचपी या भाषेतून शिकवलं जातं. त्यात व्हेरिएबल कसं करायचं, फंक्शन कसं लिहायचं हे मुलं पटकन उचलतात. अडतात ती एका ठिकाणी. ‘इथे लिहिलेली किंमत तिथे का दिसत नाही?’ आणि त्याच्या उलट, ‘इथे मी हात लावलाच नाही, मग किंमत बदलली कशी?’ या दोन प्रश्नांना मिळून जो विषय होतो त्याला इंग्रजीत स्कोप म्हणतात. मराठीत व्याप्ती म्हणू. एखादं नाव कुठून कुठपर्यंत ओळखलं जातं, ती त्याची व्याप्ती.

हा भाग फक्त बारावीच्या मुलांसाठी नाही. आपल्यातले कितीतरी शिक्षक शाळेसाठी छोटे प्रोग्रॅम स्वतः बनवतात : निकालपत्रक, हजेरी, पोषण आहाराचा हिशोब. त्यांच्याही कामाचा आहे. कारण व्याप्तीची चूक झाली की संगणक नेहमी बंद पडतोच असं नाही. बऱ्याचदा तो शांतपणे चुकीचा आकडा दाखवतो आणि आपण तो रजिस्टरला उतरवून घेतो.

न्हावा शेवा, उरण, द्रोणागिरी या भागात राहणाऱ्यांना ही कल्पना समजावायला बंदराइतकं चांगलं उदाहरण नाही. घरातलं कोणी ना कोणी ट्रेलरवर, सीएफएसमध्ये नाहीतर एखाद्या सीएचएच्या ऑफिसात असतंच. तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

सील लावलेला डबा

कारखान्यात माल भरला, दार बंद केलं, सील ठोकलं. तो कंटेनर पुढे ट्रेलरवर चढतो, गेटमधून आत जातो, यार्डात उभा राहतो, क्रेनने जहाजावर जातो. या सगळ्या प्रवासात क्रेनवाल्याला आत साड्या आहेत की पंपाचे सुटे भाग, हे दिसत नाही. त्याला ते दिसण्याची गरजही नाही. त्याला हवा असतो कंटेनरचा नंबर, वजन आणि जहाजाचं नाव, आणि हे सगळं कागदावर लिहून येतं. आतलं आत, बाहेरचं बाहेर, आणि देवाणघेवाण फक्त कागदातून.

पीएचपीतलं फंक्शन म्हणजे असाच सील लावलेला डबा. फरक इतकाच की याला आतूनही बाहेरचं दिसत नाही.

मी पहिली ते पाचवीला शिकवते, म्हणून उदाहरण आमच्या रोजच्या कामातलं घेते. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम, हे प्रमाण सगळ्यांना पाठ आहे. समजा वर्गात २८ मुलं हजर आहेत आणि आजचा तांदूळ काढायचा आहे. नवशिक्या मुलगा असं लिहितो :

$प्रमाण = १००;
फंक्शन तांदूळ($पट) {
  रिटर्न $पट * $प्रमाण;
}
इको तांदूळ(२८);

(वाचायला सोपं जावं म्हणून इथे सगळं देवनागरीत दिलं आहे. संगणकावर फंक्शन, रिटर्न, इको हे शब्द आणि आकडे इंग्रजी लिपीतच टाइप करावे लागतात. व्हेरिएबलचं नाव मात्र पीएचपीत खरोखर मराठीत चालतं, फाइल फक्त यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करायची. एक काळजी घ्यावी : जोडाक्षर लिहिताना कधी कधी न दिसणारं जोडचिन्ह मध्ये शिरतं. मग डोळ्यांना सारखी दिसणारी दोन नावं संगणकाला वेगळी वाटतात.)

उत्तर काय यावं? २८०० ग्रॅम. येतं काय? शून्य.

कारण $प्रमाण बाहेर लिहिलं आहे आणि फंक्शनच्या आत ते नाव कोणाला माहीत नाही. आत $प्रमाण म्हटल्यावर पीएचपी आतल्या आत शोधते, सापडत नाही, मग ती त्याची किंमत ‘काहीच नाही’ अशी धरते. २८ गुणिले काहीच नाही, म्हणजे शून्य. २०२० साली आलेल्या पीएचपी ८ पासून अशा वेळी ‘वॉर्निंग’ येते, त्याआधी नुसती ‘नोटीस’ यायची. पण प्रोग्रॅम थांबत नाही, आणि प्रत्यक्ष वेबसाइट चालते त्या सर्व्हरवर या सूचना पानावर दाखवणं सहसा बंदच ठेवलेलं असतं. त्या कुठल्यातरी लॉग फाइलमध्ये जाऊन पडतात. आपल्याला दिसतो तो फक्त शून्य.

तरी शून्य आलं तर बरं म्हणायचं, शून्य किलो तांदूळ पाहून कोणीही थबकेल. त्रास आहे तो खरा वाटणाऱ्या चुकीच्या आकड्याचा. तो पुढे येतोच आहे.

दुरुस्ती सोपी आहे. जे आत लागतं ते कागदावर लिहून द्यायचं :

फंक्शन तांदूळ($पट, $प्रमाण) {
  रिटर्न $पट * $प्रमाण;
}
इको तांदूळ(२८, १००);

कंसातली नावं म्हणजे डब्यासोबत आत जाणारा कागद आणि रिटर्न म्हणजे बाहेर येणारी पावती. इथे आतलं $प्रमाण आणि बाहेर कुठे $प्रमाण असलंच तर ते, ही दोन वेगळी माणसं आहेत. नाव एक, घर वेगळं. आपल्या वर्गात दोन आरोही असतात तसंच.

मुलं इथे इतकी का गोंधळतात, याचं एक कारण मला महत्त्वाचं वाटतं. त्याच पुस्तकात आधी जावास्क्रिप्ट येते, आणि जावास्क्रिप्टमध्ये फंक्शनच्या आतून बाहेरचं व्हेरिएबल सरळ दिसतं. मुलाने तिथे बरोबर शिकलेली गोष्ट तो इथे वापरतो आणि चुकतो. तेव्हा ‘तुला एवढंही कळत नाही का’ म्हणण्याआधी हे लक्षात घ्यावं की त्याचा तर्क बरोबर होता, भाषा वेगळी होती. शिकवताना दोन्ही भाषांतलं एकच उदाहरण शेजारी शेजारी लिहून दाखवलं तर पाच मिनिटांत उलगडतं.

ग्लोबल म्हणजे जगभर नव्हे

आता पळवाट. फंक्शनच्या आत पहिल्या ओळीत ‘ग्लोबल $प्रमाण;’ असं लिहिलं की बाहेरचं $प्रमाण आत दिसायला लागतं. मुलांना हा शोध फार आवडतो. मग प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर पाच-सहा ग्लोबल दिसू लागतात.

चालतं का? चालतं. पण ग्लोबल केलेलं नाव आतून बदलताही येतं. फंक्शनने आत $प्रमाण बदललं तर बाहेरचंही बदललं. डब्याला दार ठेवलं, आणि दाराला कुलूप नाही. वीस ओळींच्या प्रोग्रॅममध्ये ते निभावतं. पाचशे ओळींत मात्र ‘ही किंमत नक्की कोणी बदलली’ हे शोधायला अख्खी दुपार जाते. ज्या गोष्टी बदलायच्याच नाहीत त्यांच्यासाठी स्थिरांक, म्हणजे कॉन्स्टंट, वापरावा. तो सगळ्या फंक्शनमध्ये दिसतो आणि कोणाला बदलता येत नाही.

दुसरा गैरसमज याहून मोठा आहे. ‘ग्लोबल’ हा शब्द ऐकून मुलांना वाटतं, आता हे नाव सगळ्या पानांवर दिसेल. तसं अजिबात नाही. ग्लोबल म्हणजे एका पानाच्या एका वेळच्या कामापुरतं ग्लोबल. पान तयार करून ब्राउझरला पाठवलं की सर्व्हर पाटी पुसून टाकतो. पुढच्या क्षणी त्याच माणसाने तेच पान पुन्हा मागितलं तरी पाटी कोरी असते.

या भाषेच्या इतिहासातली एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९४-९५ च्या सुमारास स्वतःच्या वैयक्तिक पानासाठी जी छोटी साधनं बनवली, त्यातून पीएचपी वाढली. सुरुवातीच्या काळात तिच्यात एक सोय होती : फॉर्ममध्ये भरलेली किंवा पत्त्याच्या पट्टीत प्रश्नचिन्हापुढे लिहिलेली माहिती आपोआप ग्लोबल व्हेरिएबल बनायची. सोयीचं होतं, लिहावं कमी लागायचं. पण समजा प्रोग्रॅममध्ये ‘पासवर्ड बरोबर असेल तर $मान्य = १’ असं लिहिलं आहे आणि पुढे ‘$मान्य असेल तर गुणपत्रक दाखव’. $मान्य ला सुरुवातीला शून्य करून ठेवायचं राहिलं असेल, तर कोणीही पत्त्याच्या पट्टीत ‘मान्य=१’ लिहून पासवर्डशिवाय आत शिरू शकत होतं. बाहेरच्या माणसाने लिहिलेलं नाव आणि आपलं आतलं नाव एकाच अंगणात आल्यावर दुसरं काय होणार? २००२ साली ४.२ या आवृत्तीत ही सोय मुळातून बंद ठेवायला सुरुवात झाली आणि २०१२ च्या ५.४ मध्ये ती पूर्ण काढून टाकली. तिच्या जागी आज फॉर्मची माहिती वेगळ्या, नाव असलेल्या खोक्यांत येते. $_गेट, $_पोस्ट ही ती खोकी. ती सगळीकडे दिसतात, पण पाहताक्षणी कळतं की हे बाहेरून आलं आहे, तपासून घ्यायला हवं.

सगळं सगळ्यांना उघडं ठेवलं की काय होतं, याचं एक मोठं उदाहरण आपल्या बंदरातच घडून गेलं आहे. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ नावाचा हल्ला झाला. युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो पसरला. मर्स्क कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात तो घुसला आणि त्या समूहाचं इथलं टर्मिनलही त्यात सापडलं. संगणक बंद, कामं हाताने, माल तुंबलेला. मर्स्कने स्वतःचं नुकसान २० ते ३० कोटी डॉलरच्या घरात सांगितलं. तो काही व्हेरिएबलचा प्रश्न नव्हता, नेटवर्कचा होता, दोन्हींची सरमिसळ करू नये. पण प्रश्नाचा गाभा तोच : एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत किती दिसावं आणि मध्ये दार असावं की नसावं. युक्रेनमधल्या एका ऑफिसाच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधला बिघाड शेव्याच्या क्रेनपर्यंत पोचायला नको होता.

इफ आणि लूपला भिंत नसते

थोडक्यात सांगण्यासारखी, पण मुलांना हमखास चकवणारी एक गोष्ट. पीएचपीत नवा डबा फक्त फंक्शनमुळे तयार होतो. इफच्या किंवा लूपच्या महिरपी कंसांमुळे होत नाही. पटावरच्या मुलांची यादी लूपने छापली आणि लूपमध्ये प्रत्येक मुलाला $मूल नाव दिलं, तर लूप संपल्यावरही $मूल जिवंत असतं, आणि त्यात यादीतलं शेवटचं मूल बसलेलं असतं. खाली त्याच पानावर बोनाफाईड दाखल्याचा भाग असेल आणि तिथेही $मूल वापरलं असेल, तर दाखला भलत्याच मुलाच्या नावाने निघू शकतो. नाव शुद्ध, जन्मतारीख खरी, फक्त मूल दुसरं. लूपनंतर ‘अनसेट’ करून ते नाव पुसावं, नाहीतर दाखल्याचं काम वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवावं. मला दुसरा उपाय जास्त पटतो, कारण पुसायचं विसरतं, भिंत विसरत नाही.

इन्क्लूड : दुसरी फाइल इथे आणून चिकटवणे

आता एका फाइलमधली माहिती दुसऱ्या फाइलमध्ये नेण्याचा भाग. इथे सावकाश जाऊ.

इन्क्लूड म्हणजे ‘ती फाइल उघड’ असं नव्हे. इन्क्लूड म्हणजे ‘त्या फाइलमधला मजकूर या ओळीच्या जागी आहे असं समजून चालव’. वहीत दुसऱ्या कागदाचा तुकडा चिकटवावा तसं. म्हणून ज्या जागी इन्क्लूड लिहिलं, त्या जागेची व्याप्ती आत आलेल्या फाइलला मिळते. आधी लिहिलेली सगळी नावं तिला दिसतात, आणि तिने केलेली नावं इन्क्लूडच्या पुढच्या ओळींना दिसतात. डबा नाही, भिंत नाही.

सोय याच्यामुळेच होते. शाळेचं नाव, यूडायस क्रमांक, मुख्याध्यापकांचं नाव एका फाइलमध्ये ठेवा, हव्या त्या पानात इन्क्लूड करा. आणि धोकाही यातच आहे. परत तांदळाकडे येऊ.

मुख्य फाइलमध्ये लिहिलं, $प्रमाण = १००. मग सहावी ते आठवीचा अहवाल हवा म्हणून दुसऱ्या शिक्षकाने बनवलेली फाइल इन्क्लूड केली. त्या फाइलमध्ये त्यांनीही, अगदी स्वाभाविकपणे, $प्रमाण = १५० लिहिलं आहे. इन्क्लूडच्या खाली आपला पहिली ते पाचवीचा हिशोब आला, तांदूळ(२८, $प्रमाण). उत्तर ४२०० ग्रॅम. कुठेही वॉर्निंग नाही, लॉगमध्ये काही नाही. पीएचपीच्या दृष्टीने काहीच चुकलेलं नाही. दिवसाला १ किलो ४०० ग्रॅम जास्त, शाळेच्या वीस दिवसांत २८ किलो. महिनाअखेरीस रजिस्टरची शिल्लक आणि पोत्यातली शिल्लक जुळत नाही, आणि खुलासा देताना शिक्षकाच्या तोंडाला कोरड पडते. ज्यांनी साठा नोंदवही सांभाळली आहे त्यांना जास्त सांगायला नको.

यावर उपाय काय, तर कंटेनरवाल्यांनी काढलेला उपाय. प्रत्येक कंटेनरवर चार अक्षरं, सहा अंक आणि शेवटी चौकटीत एक पडताळणीचा अंक असतो. पहिली तीन अक्षरं मालकाची, आणि ती पॅरिसच्या एका संस्थेकडे नोंदवलेली असतात. चौथं अक्षर मालाच्या कंटेनरसाठी ‘यू’. दोन कंपन्यांचे सहा अंक अगदी सारखे आले तरी मालकाच्या अक्षरांमुळे घोळ होत नाही. यार्डात हजारो डबे एकावर एक असताना नुसतं ‘तो लाल डबा’ म्हणून कसं भागेल? तसंच आपणही नुसतं $प्रमाण न म्हणता मालकासकट नाव द्यावं. मला सगळ्यात आवडतो तो प्रकार असा : ‘नियम’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये एकच रिटर्न लिहायचा आणि त्यात यादी, म्हणजे ॲरे, परत करायची :

रिटर्न [
  'प्राथमिक' => १००,
  'उच्चप्राथमिक' => १५०
];

आणि वापरणाऱ्या फाइलमध्ये :

$नियम = रिक्वायर 'नियम.पीएचपी';
इको तांदूळ(२८, $नियम['प्राथमिक']);

इन्क्लूड केलेली फाइलही फंक्शनसारखी रिटर्न करू शकते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. यात त्या फाइलमधून एकही नाव बाहेर सांडत नाही. जे येतं ते आपण दिलेल्या एकाच नावात येतं. आणि उद्या शासनाने प्रमाण बदललं तर एकाच ठिकाणी बदलायचं.

वर मी रिक्वायर लिहिलं आहे, इन्क्लूड नाही. फाइल सापडली नाही तर इन्क्लूड सूचना देऊन पुढे चालू लागतं, रिक्वायर तिथेच थांबतं. नियमांची फाइलच नसेल तर पुढे चालण्यात अर्थ नाही, म्हणून इथे रिक्वायर. शाळेच्या फोटोची पट्टी असेल तर इन्क्लूड चालेल, ती नाही आली तरी जगबुडी होत नाही. ‘वन्स’ लावलेले प्रकार तीच फाइल दुसऱ्यांदा चिकटवत नाहीत. फाइलमध्ये फंक्शनं लिहिलेली असतील तर ते लागतंच, कारण एकाच नावाचं फंक्शन दोनदा तयार करायला गेलं की पीएचपी थांबते.

आणखी एक नेहमीची चूक. मुलं इन्क्लूडमध्ये फाइलच्या नावापुढे प्रश्नचिन्ह देऊन माहिती पाठवू पाहतात, ‘अहवाल.पीएचपी?पट=२८’ असं. इन्क्लूड डिस्कवरची फाइल शोधतं, वेबचा पत्ता नव्हे. त्याला ते सगळंच फाइलचं नाव वाटतं आणि तशी फाइल नसते. $पट = २८ आधीच्या ओळीत लिहिलं की इन्क्लूड केलेल्या फाइलला ते दिसतंच, पाठवावं लागत नाही.

एका पानावरून दुसऱ्या पानावर

इन्क्लूड एकाच पानाच्या पोटात चालतं. पण लिंक दाबून किंवा फॉर्म भरून माणूस दुसऱ्या पानावर गेला तर? मघाशी म्हटलं तसं, पाटी कोरी. दुसरं पान पहिल्या पानाला ओळखत नाही. लिंकने जोडलेली पानं आणि इन्क्लूडने जोडलेल्या फाइल या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. बारावीच्या प्रात्यक्षिकात मुलं अडकतात ती बहुतेक इथेच.

बंदराच्या गेटवर ड्युटी बदलते. सकाळी ट्रेलर पाहिलेला माणूस संध्याकाळी तिथे नसतो. म्हणून भरलेला निर्यातीचा कंटेनर आत न्यायचा तर ड्रायव्हरच्या सोबत फॉर्म १३ लागतो. कंटेनर कोणता, जहाज कोणतं, हे त्यावरून कळतं. गेटवाल्याला काही आठवत नसलं तरी अडत नाही. वेबवरचा फॉर्म हेच करतो. एका पानावर भरलेलं तो कागदावर घालून पुढच्या पानाला देतो. पत्त्याच्या पट्टीत दिसेल असं दिलं तर गेट, पट्टीत न दाखवता दिलं तर पोस्ट. पोस्टचं पट्टीत दिसत नाही म्हणजे ते गुप्त आहे असं मात्र नाही.

आणि इथे पालकांनीही लक्षात ठेवावं असं काही आहे. कागद ड्रायव्हरच्या हातात असतो, म्हणजे त्याच्यावर वाटेत कोणी काहीही लिहू शकतो. म्हणून गेटवर नुसत्या कागदावर विश्वास न ठेवता नोंदीशी ताडून पाहतात. फॉर्ममधली लपवलेली चौकट, जिला हिडन फील्ड म्हणतात, ती पानावर दिसत नाही एवढंच. ब्राउझरमध्ये दोन क्लिकमध्ये ती उघडता येते आणि बदलता येते. विद्यार्थ्याचे गुण, फीची रक्कम, ‘हा शिक्षक आहे की पालक’ असली माहिती हिडन फील्डमधून कधीही पाठवू नये.

ती ठेवायची सेशनमध्ये. सेशन म्हणजे सरकारी दवाखान्यातला केसपेपर. पेपर दवाखान्याच्या कपाटात राहतो, आपल्या हातात फक्त नंबर. पुढच्या वेळी नंबर दाखवला की पेपर काढतात. सेशनमध्येही माहिती सर्व्हरवर राहते आणि ब्राउझरकडे कुकीत फक्त एक लांबलचक नंबर जातो. ज्या ज्या पानावर सेशन हवं त्या प्रत्येक पानाच्या अगदी वर ‘सेशन स्टार्ट’ लिहावं लागतं, पानाचं एक अक्षरही छापण्याआधी, कारण नंबराची कुकी पानाच्या मजकुराआधी जाते. ‘पहिल्या पानावर लिहिलं होतं की’ हे उत्तर चालत नाही. नंतर $_सेशन या खोक्यात ठेवलेलं पुढच्या पानावर मिळतं. मूळ सेटिंगप्रमाणे १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं, हात लावला नाही की तो पेपर पुसायच्या यादीत जातो. मोठा फॉर्म भरताना मध्येच ‘पुन्हा लॉगिन करा’ येतं त्याचं कारण बऱ्याचदा असलंच काहीतरी असतं.

सेशन माणसाला ओळखत नाही, ब्राउझरला ओळखतं. शाळेच्या एकाच संगणकावर एका मागून एक मुलं किंवा शिक्षक बसतात तिथे हे फार महत्त्वाचं. पहिल्याने लॉगआउट केलं नाही तर दुसऱ्याला पहिल्याचा केसपेपर उघडून मिळतो. त्यात मुलाची जात, आधार, घरचा मोबाइल असू शकतो. लॉगआउटचं बटण बनवताना खोकं रिकामं करून सेशन नष्ट करायचं, नुसतं पहिल्या पानावर परत पाठवून भागत नाही.

वर्षभर टिकायला हवं असं काही, म्हणजे पट, गुण, साठा, ते सेशनमध्येही ठेवू नये. त्याची जागा डेटाबेसमध्ये.

वहीवर चौकोन काढून पाहणे

संगणकाशिवाय हा भाग शिकवायची एक पद्धत देते, पाचवीच्या मुलालाही जमते. नवं पान मागितलं की वहीचं नवं पान उलटायचं. फंक्शन चाललं की एक नवा चौकोन काढायचा, कंसातल्या किंमती आत लिहायच्या, रिटर्न झालं की उत्तर बाहेर आणून चौकोनावर काट मारायची. इफ, लूप आणि इन्क्लूडसाठी चौकोन काढायचा नाही, आहे त्याच चौकोनात पुढे लिहायचं. स्कोपचे जवळपास सगळे प्रश्न या चौकोनांनी सुटतात.

करून पाहायला एक प्रश्न. ‘उच्च.पीएचपी’ या फाइलमध्ये $प्रमाण = १५० आहे आणि दोन कंसांचं तांदूळ फंक्शनही आहे. मुख्य फाइलमध्ये $प्रमाण = १००, मग उच्च.पीएचपी इन्क्लूड, मग इको तांदूळ(२८, $प्रमाण). उत्तर किती? आता तेच इन्क्लूड ‘भर’ नावाच्या फंक्शनच्या आत लिहा, भर() एकदा चालवा आणि पुन्हा तोच इको करा.

पहिल्यांदा ४२०० येतं, कारण चिकटवलेल्या फाइलने आपल्याच चौकोनातलं प्रमाण खोडून वर १५० लिहिलं. दुसऱ्यांदा २८०० येतं. १५० हे ‘भर’च्या चौकोनात लिहिलं गेलं आणि काट मारल्यावर गेलं. तांदूळ हे फंक्शन मात्र तरीही सापडतं, कारण इन्क्लूडने आलेली व्हेरिएबलं त्या जागेपुरती असतात, पण फंक्शनं तयार झाली की सगळ्या पानाची होतात.